गुपित फुटल्यावर कथेला खरी सुरुवात होते

कौटुंबिक गुपितावरच्या बहुतेक कथा एकाच जागी घसरतात. ट्रंकेतून जुना कागद निघतो, कोणीतरी रडतं, माफी मागतं, ती मिळते, कथा संपते. गुपित उघडणं आणि अपराधातून सुटणं हे दोन वेगळे प्रसंग आहेत. एकाच पानावर कोंबले की दोन्ही फुकट जातात.

महाभारतात हे किती सावकाश घडतं पाहा. कर्ण आपला मुलगा आहे, हे कुंती आधी उद्योगपर्वात, युद्धाच्या तोंडावर, खुद्द त्यालाच सांगते. कृष्णानं त्याला ते आधीच सांगितलेलं असतं. पण तिला कर्णाकडून काहीतरी हवं आहे, म्हणून खरं बोलूनही तिचं ओझं तसूभर हलत नाही. अर्जुन सोडून बाकीच्या चौघांना मारणार नाही, एवढं वचन घेऊन ती परतते. मग स्त्रीपर्वात, गंगाकाठी: मेलेल्यांना पाणी देताय ना, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. आता मागण्यासारखं काही उरलेलं नाही, पण खरी गोम इथेच आहे. अपराध युधिष्ठिराच्या डोक्यावर जाऊन बसतो. शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच तो भावाच्या हत्येनं खचलेला दिसतो, आणि स्त्रियांच्या पोटात गुपित राहणार नाही असा शाप देऊन मोकळा होतो. (हा राग अगदी माणसाचा आहे, आणि अन्यायाचाही.) तुझा दोष नाही, हे शब्द कुंतीला ऐकायला मिळतात ते थेट आश्रमवासिकपर्वात, वनात, व्यासांकडून. तोवर युद्धाला 15 वर्षं उलटून गेलेली असतात.

आजची कथा घ्या. भावानं निरक्षर बहिणीचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र करून घेतलं आणि त्याच्या मुलीला ते कळतं. इथे ट्रंकेची गरजच नाही. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो, त्या फेरफाराचा उतारा काढला की आत्याचं नाव कधी आणि कशानं कमी झालं ते दिसतं. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला असतो, त्यावर साक्षीदारांच्या सह्या असतात. त्यातली एक सही घरातल्याच माणसाची ठेवा. ज्यानं स्वतः काही लुबाडलं नाही पण गप्प बसला, त्याचा अपराध लिहायला जास्त कस लागतो.

पाच हजार शब्दांची कथा असेल तर गुपित तीन हजारांच्या आसपास फोडा. त्याआधी दोन-तीन खुणा पेरा: भाऊबीजेला ऐपतीबाहेरची साडी, वाटणीचा विषय निघाला की बापाचं उठून जाणं. पहिल्या वाचनात त्या सरळ वाटायला हव्यात. साडी म्हणजे माया, एवढंच. खूण ठळक झाली की वाचक मुलीच्या आधी पोचतो आणि कंटाळतो.

उरलेले दोन हजार शब्द अपराधाची किंमत मोजण्यासाठी. जमीन बक्षीसपत्रानं परत द्यायची तर तेही नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात, आणि मुलीचा भाऊ आडवा येतो. मुलीचं इंजिनिअरिंगही त्याच जमिनीतल्या उसाच्या पैशावर झालेलं असतं, हे तिला कोणीतरी भांडणात ऐकवायला हवं. बापाला मरणशय्येवर कबुली द्यायला लावू नका, तो फुकटात सुटतो. त्याला जिवंत ठेवा, तालुक्याच्या कार्यालयात बाकड्यावर नंबर लावून बसवा.

आणि माफीचा हक्क आत्याचा आहे, मुलीचा नाही. आत्याला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं असं दाखवायचं असेल तर ती गप्प का राहिली, याचं कारण आधीच्या खुणांमध्ये सापडलं पाहिजे: माहेर तुटेल ही धास्ती बहुधा पुरते.