कुंपणावरची लोकर

चौथा दिवस होता की पाचवा, आता आठवत नाही. मेलरोजहून निघालो तेव्हा पाऊस होता, एवढं नक्की. पुढचे डोंगर, रोमनांचा सरळसोट रस्ता, स्कॉटलंड संपून इंग्लंड लागलं ती जागा, सगळं ओल्या मोज्यांत एक होऊन गेलंय.

सेंट कथबर्टची ही वाट शंभर किलोमीटरची, लिंडिसफार्न बेटापर्यंत. आमच्या अकरा जणांत बिगरख्रिस्ती मी एकटीच. रोज सकाळी स्तोत्र म्हणायचं आणि मग पहिला तास मौन. माउलींच्या वाटेवर हा नियम कुणी सांगून बघावा! आजीबरोबर मी एकदाच चाललेय, आळंदी ते सासवड. दिवे घाटात टाळांखेरीज कानात काही शिरत नव्हतं. इथं स्वतःच्या बुटांची पचपच ऐकायची. मनातल्या मनात ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ धरलं, पावलं ठेक्यात पडली आणि मी सगळ्यांच्या पुढे निघून गेले. त्याबद्दल बोलणीही खाल्ली, गोड शब्दांत.

वूलर गावाच्या अलीकडे जांभळ्या झुडपांचा उघडा माळ आहे. तिथं दुपारी उजव्या टाचेचा फोड फुटला. डाव्या करंगळीचा टपोरा होऊन वाट बघत होता. कुंपणं ओलांडायला लाकडी पायऱ्या होत्या, एक संपली की दुसरी. उतरताना सगळा भार टाचेवर यायचा आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बाकीचे पुढे गेले. मी गवतात बसकण मारली, बूट काढले आणि एडन नावाच्या इथल्या जुन्या संतावर चिडले.

हे पायी चालण्याचं खूळ त्याचंच ना! 635 मध्ये इथल्या ऑस्वाल्ड राजानं धर्म शिकवायला आयोना बेटावरून माणूस मागवला. आधी आलेला कडक होता. लोक अडाणी आहेत, ऐकत नाहीत, म्हणून वैतागून परत गेला. एडन त्याला म्हणाला, आधी दूध पाजायला हवं होतंस. झालं, मग एडनलाच धाडला. त्याला इथली भाषा धड येत नव्हती. तो बोलायचा आणि खुद्द राजा सरदारांना अर्थ सांगायचा. पुढं ऑस्विन नावाच्या राजानं त्याला उमदा घोडा दिला, तर यानं तो साजासकट भिकाऱ्याला देऊन टाकला. पायी गेलं की वाटेत भेटेल त्याच्याशी थांबून बोलता येतं. हे सगळं बीड नावाच्या भिक्षूनं लिहून ठेवलंय. (बीड वाचलं की मला दरवेळी एसटी स्टँड आठवतो, इलाज नाही.)

तेवढ्यात कुत्रा आला, त्याच्यामागून मेंढ्यांवाली बाई. सत्तरीची असेल. काय बोलली, एक अक्षर कळलं नाही. बावीस वर्षं या देशात काढून! माझं इंग्रजी तिच्यापर्यंत पोचलं का, देव जाणे. मी नुसता पाय पुढे केला. ती कुंपणाशी गेली आणि तारेला अडकलेली लोकर ओढून काढू लागली. मूठभर झाली तशी काड्या वेचून बोटांनी पिंजत बसली. आजी वातींसाठी कापूस पिंजायची, अगदी तशी. मग माझे पाय मांडीवर घेऊन तिनं ती लोकर टाचेला लावली, बोटांच्या सांद्यांत सारली. तुपकट, मेंढीचा उग्र वास. मोजाही तिनंच चढवला.

एवढ्या मोठ्या बाईनं आपल्या पायांना हात लावायचा? मला राहवेना. वाकून नमस्कार केला तर ती दचकून मागे सरली आणि कुत्रा माझ्यावर भुंकला. मग दोघी हसलो. ती गेली. नाव विचारायचं राहिलं.

वूलरच्या मुक्कामात काय खाल्लं, आठवत नाही. कथबर्टच्या गुहेत अर्धा तास थांबलो. कथबर्ट स्वतः पोरवयात मेंढ्या राखायचा. 651 मध्ये एडन गेला त्या रात्री त्याला आभाळात उजेड चढताना दिसला, म्हणून मठात शिरला. 875 मध्ये वायकिंग लुटारूंच्या भीतीनं लिंडिसफार्नचे मठवासी त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन बेट सोडून निघाले आणि सात वर्षं फिरत राहिले. या गुहेत ते टेकले म्हणतात. पालखीच ती, फक्त परतायला घर उरलं नव्हतं. तिथं मला एकाएकी दादांची आठवण आली. बाहेर जाऊन उभी राहिले.

शेवटी ओहोटीची वाळू. खांबांच्या रांगेनं अनवाणी चालायचं, चिखल घोट्यापर्यंत. आमचे म्होरके सारखे घड्याळ बघून घाई करत होते. लांबून सील ओरडत होते, भजनी मंडळी सूर लावतात तसे. खारं पाणी फोडाला झोंबलं आणि मी मोठ्यानं ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायला लागले. कुणी काही बोललं नाही.

बेटावर चढलो तर समोर गाड्यांचा तळ. कथबर्ट एकदा रात्रभर समुद्रात उभा राहून प्रार्थना करत होता. बाहेर आला तेव्हा दोन पाणमांजरांनी त्याचे पाय फुंकरीनं ऊबवून अंगाच्या केसांनी पुसले, असं बीड सांगतो. मी ओढणीनं पुसले. खिशातली लोकर पिळून परत मोज्यात घातली. एडनच्या पुतळ्यापर्यंत अजून चालायचं होतं.