सोड, आता ओढ

"सोड. अगं सोड आधी. हं, आता ओढ."

चारचाकी असलेल्या घरात हा संवाद रोज होतो. आपण लॉक उघडायला बटण दाबतो आणि नेमक्या त्याच क्षणी पलीकडचा माणूस हँडल ओढतो. दोन्ही कामं एकमेकांत अडकतात, दार जागचं हलत नाही. मग आपण पुन्हा दाबतो, तो पुन्हा ओढतो. लग्नाचा रौप्यमहोत्सव झालेल्या जोडप्यांनाही हा ताल जमलेला मी पाहिलेला नाही. माझं तर ठाम मत आहे की माणसाचा धीर तपासायचा तर त्याला कुलूपबंद गाडीपाशी उभं करावं. हँडलला हात न लावता उभा राहील तो संत.

माझी मावशी संत नाही. रविवारी दुपारी जेवणं आटोपून तिला स्टेशनवर सोडायला निघालो. मी "सोड" म्हणालो, तिने ओढलं, आणि मागच्या डाव्या दाराचं हँडल अलगद तिच्या हातात आलं. "मी काही जोर नाही हो लावला," असं ती मला सोडून वॉचमनला म्हणाली. मग ते हँडल तिने रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आणि पलीकडच्या दाराने आत बसली. स्टेशन आल्यावर आठवणीने परत दिलं, वर "फेविक्विकने बसेल" असा सल्लाही दिला.

तिचा तसा दोष नव्हता. मागचं डावं दार हे आपल्याकडे पाहुण्यांचं दार. उतरायचं ते फुटपाथच्या बाजूने, म्हणून सगळा भार त्याच हँडलवर. त्यात आमच्या पार्किंगमध्ये त्या बाजूला पश्चिमेचं ऊन. प्लॅस्टिक वरून ठणठणीत दिसतं, पण आतल्या बाजूला जिथे ते खिळीवर फिरतं तिथे उन्हाने पार ठिसूळ होतं. तुटतंही तिथेच.

"राहू दे की, आतून उघडतंय ना," हा घरातला सूर. आपल्याकडे गाडीची निम्मी दुरुस्ती या एका वाक्यावर वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते. पण मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतं. दाराच्या कडेला, लॉकपाशी, ती बारकी कळ. ती खाली केली की आतलं हँडल नुसतं हलतं, दार उघडतं ते फक्त बाहेरून. भाची आली की आम्ही ती कळ हमखास खाली करतो. म्हणजे आतून बंद आणि बाहेरून तुटलेलं. हा हिशोब मांडल्यावर सूर गप्प झाला.

नवं हँडल घ्यायला पुण्यात नाना पेठेत गेलो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात. तिथल्या दुकानदारांना गाडी बघावी लागत नाही, प्रश्नांवरूनच ते तिला उभी करतात. कुठल्या सालचं मॉडेल? पुढचं की मागचं? लेफ्ट की राइट? मागच्याला किल्लीचं भोक नसतं, तेव्हा तो प्रश्न वाचला. कंपनीचं देऊ की लोकल? कंपनीचं घेतलं. रंगाचं विचारलं तर म्हणाला, "काळंच येतं साहेब, रंग मारून घ्यायचा." रंग मारायचा खर्च हँडलपेक्षा जास्त. आमची गाडी चंदेरी. राहू दे काळं म्हटलं.

आता हे मेकॅनिककडे का नाही नेलं? एक खोड आहे माझी. दुसऱ्याने उघडलेलं दार परत येतं तेव्हा त्यात काहीतरी खुळखुळत असतं. एखादा स्क्रू कमी, एखादी क्लिप तुटलेली, आणि पुढची पाच वर्षं खड्डा आला की कुठे वाजतंय ते ऐकत बसायचं. ती खुळखुळ माझी मी केलेली असली तर चालते.

काम अवघड नाही, किचकट आहे. आधी काच पूर्ण वर करायची, नाहीतर हात घालायच्या भोकापाशी ती आडवी येते. मग काच फिरवायचा दांडा. त्याच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची एक तारेची क्लिप असते, ती कुठल्याही पान्याने निघत नाही. फडक्याची पट्टी दांड्याच्या मागे सारायची आणि दोन्ही टोकं धरून इकडून तिकडे घासायची. क्लिप उडते. कुठे उडते ते बघायला दुसरा माणूस लागतो. बायकोला उभं केलं, ती म्हणाली "तिकडे", आणि क्लिप खरंच तिकडे होती.

स्क्रू काढून दाराचं आतलं पॅड ओढलं की टकाटक क्लिपा सुटतात आणि मागे दिसतो प्लॅस्टिकचा कागद, काळ्या चिकट डिंकाने लावलेला. पुष्कळ जण तो फाडून टाकतात. फाडू नये. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच सोय असते. ते पाणी आत येऊ न देणारा हा कागद. तो गेला की श्रावणात गाडीला जो वास येतो तो कुठल्याही अत्तराने जात नाही. दाराच्या तळाशी मला एक टोलची पावती सापडली, इतकी विटलेली की खालापूरची की तळेगावची तेही कळेना.

बाहेरचं हँडल आतून दोन बोल्टवर असतं. दहाचा गोटी पाना, आणि मनगट वाकडं. मागे एक सळई लॉककडे जाते, ती एका इवल्या प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये अडकवलेली. क्लिप फिरवली की सळई सुटते. सगळी कारागिरी त्या क्लिपमध्ये आहे. आपण बाहेरून रुबाबात दार उघडतो म्हणजे मुळात ही सळई हलवतो, एवढंच. नवं हँडल बसवल्यावर दार लगेच लावायचं नाही, हे मात्र पक्कं. उघड्या दारातच स्क्रूड्रायव्हरने लॉक दाबायचं. टक. आणखी एकदा, टक. दोन टप्पे असतात, दुसरा झाला की दार पूर्ण बंद झालं असं लॉकला वाटतं. मग बाहेरून हँडल ओढून बघायचं. सुटलं तर ठीक. न बघता दार लावलं आणि सळई अडकलेली नसली, तर मग बसा.

सुटलं. चंदेरी गाडीला एक काळं हँडल. खालच्या मजल्यावरच्या आजी थांबून बघून म्हणाल्या, "तीट लावलीत होय? बरं केलंत."

सोसायटीत नुकतीच एकाने नवी एक्सयूव्ही ७०० घेतली आहे. तिची हँडलं दारातच बुडालेली, लॉक उघडलं की आपोआप बाहेर येतात. पोरं भोवती उभी राहून पुन्हा पुन्हा करायला लावतात. मीही लावलं. दिसतं सुंदर. पण माझी सपाट हँडलांशी काही दोस्ती होत नाही, आणि त्याला तसं कारण आहे.

लहानपणी एसटीने कोकणात जाताना कशेडी घाटात आमची गाडी थांबली. पुढे एक फियाट डोंगराच्या अंगाला गटारात कलंडली होती. मामा आणि बसमधली चार-सहा माणसं उतरली. पुढची दारं चेपली होती, आतला माणूस काही करू शकत नव्हता. मामांनी मागच्या दाराचं हँडल धरलं, एक पाय गाडीला लावला आणि ओढलं. दार उघडलं. आत दोन मुलं होती, माझ्याच वयाची. एकाच्या पायात चप्पल नव्हती.

त्यांना उलट्या बाजूने येणाऱ्या ट्रकमध्ये बसवून महाडला पाठवलं. मामा हात पुसत परत येऊन बसले. आमच्या पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ खेड येईपर्यंत कुरकुरत होते, की बस उगाच तासभर लेट झाली.