बोलेरो, डिझेल फिल्टर आणि एक चपटी रिंग

ब्रेकचं काम मागच्या महिन्यात मार्गी लागलं. डिझेलची लाइन मार्चमध्ये बघू, असं मनात होतं. पण गेल्या आठवड्यात मुंबईहून येताना गाडीने कसारा घाटात मान टाकली. बंद नाही पडली. तिसऱ्यात टाकली, पाय पार तळाला नेला, तरी पुढे सरकायला राजी नाही. मागून भरलेला ट्रक हॉर्न मारत पुढे निघून गेला, यावरून काय ते समजा. इगतपुरी ओलांडून सपाटीला लागलो आणि बाई पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली.

सपाटीला ठीक आणि चढाला दम, हे लक्षण टर्बोच्या (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) फाटक्या होजचंही, म्हणजे रबरी नळीचंही, असतं. म्हणून आधी टॉर्च घेऊन सगळे होज हाताने दाबून, वाकवून पाहिले. धडधाकट होते. मग उरला फिल्टर. इंजिनाची मागणी कमी असते तोवर जाम झालेला फिल्टरही कसंबसं भागवतो. लोड आला की डिझेल पुरं पडत नाही.

नवीन वाचकांसाठी: गाडी २०१३ची, कॉमन रेल इंजिनवाली (म्हणजे हाय प्रेशर पंप डिझेल एका सामाईक नळीत, रेलमध्ये, दाबून भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात), २५२३ सीसी. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराकडून घेतली. बागेत फवारणीच्या ट्रॅक्टरसाठी ड्रमात डिझेल भरून ठेवलेलं असतं आणि घाईच्या दिवसांत घरची गाडीही त्याच ड्रमावर चालते. अर्धा रिकामा ड्रम दिवसा तापतो, रात्री गार पडतो, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब होऊन खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी जाऊन बसतं आणि पत्रा गंजवतं. हे सगळं मला आज कळतंय असं नाही. गाडी घेतली तेव्हाही कळत होतं. फिल्टर तेव्हाच बदलायला हवा होता.

रोज नाशिकच्या मायको सर्कलवरून जातो. पलीकडे सातपूरला डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. त्याच गावात राहून मी माझे इंजेक्टर पाणी पाजून मारायला निघालो होतो.

रविवारी सकाळी आठला सुरुवात केली. थंडी अशी की पाना हातात धरवत नव्हता. इंजिन रात्रभर गार झालेलं होतं, आणि ते तसंच असावं. गरम मॅनिफोल्डजवळ (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांजवळ) डिझेल सांडायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढली, फिल्टरभोवतीचा चिखल ब्रशने झाडून फडक्याने पुसला. हा पुसायचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. नळी काढल्यावर तिच्या तोंडाशी चिकटलेला वाळूचा एक कण फिल्टरच्या पुढच्या बाजूला गेला तर तो थेट हाय प्रेशर पंपात जातो, आणि तिथल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या असतात.

खालचा ड्रेन ढिला करून डिझेल लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घेतलं. काचेचीच बरणी घ्या. प्लॅस्टिकच्या डब्यात जे दिसत नाही ते इथे दिसतं. दहा मिनिटं ठेवल्यावर बरणीत दोन थर झाले: वर पिवळसर डिझेल, खाली बोटभर पाणी, चहाच्या रंगाचं, आणि तळाला तांबूस गाळ. बरणी हलवली की पाण्याचे गोळे पाऱ्यासारखे धावत आणि पुन्हा एकत्र येत.

शेजारचे काका ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेत. चहाचा कप घेऊन कंपाउंडपाशी उभे होते. बरणी उन्हात धरून म्हणाले, "अरे, विमानात इंधन भरलं की आम्ही आधी हेच बघायचो. यातलं निम्मं जरी दिसलं असतं ना, तरी विमान जागचं हललं नसतं."

जुना फिल्टर हलेना. साखळीचा पाना घसरून पत्र्याला पोचा पडला. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दोन वेढे दिले आणि वर पाना चढवला, तेव्हा कर्रकन आवाज करत सुटला. तळाचा, पाणी साठल्याचा इशारा देणारा सेन्सर काढून नव्या फिल्टरला बसवायचा असतो. बसवला. फिल्टरच्या वरच्या रबराला डिझेलचं बोट फिरवलं, हाताने टेकेपर्यंत फिरवून वर पाऊण फेरा. पाना लावला नाही.

फिल्टर आधी डिझेलने भरून चढवावा की कोरडा, यावर आपल्यात दोन तट आहेत. मी कोरड्याच्या बाजूचा. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळताच पुढे जातं. हाताच्या पंपाने चढवलेलं डिझेल निदान कागदातून तरी येतं. वेळ लागतो, हे मान्य.

आता माझा गाढवपणा. हाताचा पंप साठ-सत्तर वेळा दाबला. थोडा कडक झाला, पण दगडासारखा नाही. मला वाटलं चालेल. सेल्फ मारला, गाडी लागली, वीस-बावीस सेकंद चालली आणि खोकून बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बॅटरी कण्हायला लागली तेव्हा थांबलो. थांबायलाच हवं होतं, कारण या इंजिनात हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. कोरडा फिरवला की तो आतून खरवडला जातो. आणि जुन्या मेकॅनिकल पंपवाल्या गाड्यांत इंजेक्टरचे नट ढिले करून हवा काढायची जी सवय आहे, ती इथे विसरा. रेलमधला दाब हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारपटीच्या, वर जातो. ती चिळकांडी कातडीतून आत शिरते.

बाहेर एक थेंबही गळत नव्हता. फिल्टरखाली कोरडा कागद धरून पाहिला, कोरडाच. मग हवा येते कुठून?

काकांनीच कोडं सोडवलं. म्हणाले, "गळती कशाला शोधतोस? ही बाजू ओढणारी आहे. इथून डिझेल बाहेर नाही येणार, हवा आत जाणार." बरोबर. टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंत डिझेल ओढून घेतलं जातं, म्हणजे गाडी चालू असताना त्या लाइनमध्ये बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. खात्री करायला फिल्टर आणि त्या पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली (फक्त तपासणीपुरती, ती डिझेलमध्ये फार दिवस टिकत नाही). हाताचा पंप दाबला की नळीत बुडबुड्यांची माळ.

सेन्सर पुन्हा काढला. त्याची ओ-रिंग (फट बंद करणारी रबरी रिंग) जुनीच होती, दबून पार चपटी झालेली, नखाने दाबली तर वर येईना. नव्या फिल्टरच्या खोक्यात रिंग नाही म्हणून मी दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्याही घातल्या होत्या. रिंग खोक्यातच होती. फिल्टरच्या प्लॅस्टिकच्या टोपणात आतून चिकटलेली. काळ्यावर काळी.

नवी रिंग, डिझेलचं बोट, सेन्सर हातानेच घट्ट. पंप तिसाव्या दाबाला असा कडक झाला की अंगठा दुखला. नळीत एकही बुडबुडा नाही. दुसऱ्या सेल्फला लागली आणि लागलेलीच राहिली. पारदर्शक नळी काढून मूळची जोडली, पुन्हा पंप मारला, अर्धा तास जागेवर चालू ठेवली.

संध्याकाळी जुना फिल्टर हॅकसॉने कापला. कागदाच्या घड्या बाहेरून काळ्याकुट्ट, तळाशी कॉफीच्या चोथ्यासारखा गंज. चिमटीत घेतला तर करकरला.

बुधवारी सप्तशृंगी गडावर जाऊन आलो. नांदुरीपासून वरचा घाट जवळजवळ सगळा तिसऱ्यात, पाय अर्धाच. पण परतल्यावर ड्रेन उघडला तर बरणीत पुन्हा दोन चमचे पाणी. म्हणजे मुक्काम टाकीत आहे. डिझेलचा काटा पावाच्या खाली येईपर्यंत पेट्रोल पंपावर फिरकायचं नाही, मग टाकी उतरवायची. खाली वाकून बघितलं, पट्ट्यांचे दोन बोल्ट गंजून एकजीव झालेत. आजपासून रोज रात्री त्यांच्यावर गंज सोडवायचं तेल मारतोय.