चिकित्सक डोक्याला पटेल असं ध्यानाचं पुस्तक

'विचार येऊ द्या, जाऊ द्या' हे वाचल्यावर ज्याच्या मनात 'म्हणजे नेमकं करायचं काय?' असा प्रश्न येतो, त्याने ध्यानाचं पुस्तक निवडताना प्रस्तावना वाचत बसू नये. थेट अडचणींचं प्रकरण उघडावं. ते नसेल तर पुस्तक परत ठेवावं. मेंदूच्या रंगीत चित्रांनी भुलू नये, त्यातून बसायचं कसं हे कळत नाही.

सूचनेमागचं कारण दिलंय का, हे आधी पाहा. पाचव्या शतकातल्या बौद्ध आचार्य बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ध्यानावरच्या पाली ग्रंथामध्ये श्वास मोजायची रीत आहे: पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. का? पाचाच्या आत मनाला जागा अपुरी पडते आणि ते तडफडतं. दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. चिकित्सक माणसाला असं सांगितलं की तो मुकाट मोजतो.

दुसरी कसोटी अवघड आहे. शांतता आणि सुस्ती यांतला फरक पुस्तक सांगतं का? सुस्तीतही छान वाटतं, म्हणून ती ओळखू येत नाही. श्वास जाणवत असतो, पण तो कुठे सुरू झाला, कुठे थांबला, हे पुसट होतं. यावर डोळे किंचित उघडणं, पाठ ताठ करणं, श्वासातले बारकावे शोधणं असे उपाय हवेत. मन भरकटल्यावरचा उपाय याच्या उलट, सैल सोडण्याचा. अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांच्या कारिकेत दोन्ही उपाय एका ओळीत आहेत: 'लये संबोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः', म्हणजे मन सुस्तीत बुडालं तर जागं करावं, भरकटलं तर शांत करावं. दोन्हींवर एकच औषध देणारं पुस्तक नवशिक्याला महिनोन्महिने पेंगत ठेवतं.

योगसूत्रांत (१.३०) नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, मोजून दिलेत आणि त्यांत 'संशय' आहे, म्हणजे आपली जमात पतंजलींना ठाऊक होती. पण सूत्रं भाष्याशिवाय उलगडत नाहीत. पहिलं पुस्तक म्हणून नकोत.

इंग्रजी चालत असेल तर बौद्ध भिक्खू भंते गुणरत्न यांचं 'माइंडफुलनेस इन प्लेन इंग्लिश' घ्या. छोटं आहे, आणि अडचणी व विक्षेपांवर त्यात स्वतंत्र प्रकरणं आहेत. जॉन येट्स यांचं 'द माइंड इल्युमिनेटेड' (२०१५) जाडजूड. दहा टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याचं उद्दिष्ट, अडथळे, पुढे कधी जायचं हे सगळं लिहिलेलं. विश्लेषक मंडळी यावर तुटून पडतात आणि तिथेच फसतात: दहाही टप्पे आठवड्यात वाचून काढतात, मग बसल्यावर श्वासाऐवजी 'मी तिसऱ्यात की चौथ्यात?' याचाच हिशेब चालतो.

म्हणून एका वेळी एकच प्रकरण वाचा. त्यातली एकच सूचना घेऊन दोन आठवडे रोज वीस मिनिटं बसा. तपासणी उठल्यावर करायची, बसलेलं असताना नाही. वहीत तीन ओळी पुरेत: मन कशाने गेलं, किती उशिरा लक्षात आलं, काय केल्यावर परतलं. बसल्यावर भीती, बेचैनी वाढत गेली किंवा झोप उडाली, तर पुढचं प्रकरण उघडू नका. सराव थांबवून डॉक्टरांशी बोला.