बेल्ट आहे, पण खाली जागा आहे का?

बांधकामाच्या साइटवर उंचीवरून पडताना अडवणारे सेफ्टी बेल्ट वाटले की मालक आणि ठेकेदार दोघंही निवांत होतात. जळगाव-धुळ्याकडची घरबांधणी बहुतेक एक-दोन मजल्यांची, आणि बेल्टचा हिशोब नेमका तिथंच फसतो. पहिला स्लॅब 3 मीटरवर. हूक पायाजवळच्या सळईला, दोरी 1.8 मीटर. बेल्टची कडी पाठीवर, तिच्यापासून तळपायापर्यंत साधारण 1.5 मीटर. बेरीज 3.3. म्हणजे दोरी ताठ होण्याआधीच माणूस जमिनीवर आलेला असतो. शिवाय दोरीला जोडलेली, झटका झेलणारी पट्टी उलगडायला आणखी मीटरभर तरी लागतं, ते वेगळंच.

हूक डोक्याच्या वर, पक्क्या बीमला किंवा कॉलमला हवा. बांबूला नाही, सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) टेक्यालाही नाही. बेल्ट पूर्ण अंगाचा, आयएस 3521 छापलेला आणि दोन दोऱ्यांचा घ्या. जागा बदलताना एक दोरी कायम अडकलेली राहते. कमरेच्या पट्ट्याने पोटाला मार बसतो, तो घेऊच नका.

पण एवढ्या कमी उंचीवर खरा भरवसा परांचीचाच. आपल्याकडे तिचे दोन वैरी: ऊन आणि काळी माती. ओला बांबू मेच्या उन्हात वाळून बारीक होतो आणि पंधरा दिवसांपूर्वी घट्ट आवळलेली काथ्याची गाठ ढिली पडते. वरून पाहिलं तर काहीच कळत नाही. रोज सकाळी चढण्याआधी एकेक गाठ हाताने हलवून बघायची. खाली क्युरिंगचं, म्हणजे सिमेंटवर मारलेलं पाणी मुरतं, काळी माती मऊ होते, एक खांब दोन बोटं खचतो आणि सगळी परांची भिंतीपासून सुटायला बघते. म्हणून प्रत्येक खांबाखाली जाड फळी टाका, पाण्याला वाट काढून द्या. खिडकीतून आडवा बांबू घालून प्रत्येक मजल्याला परांची इमारतीला बांधा. प्लास्टरवाले आड येतो म्हणून हाच बांध सोडतात आणि पुन्हा बांधायचं विसरतात.

फळीचं टोक आधाराच्या पुढे निदान 15 सेंमी हवं, पण 30 च्या पुढे नको. लांब टोकावर घमेलं घेऊन पाय पडला की दुसरी बाजू उचलली जाते. बाहेरच्या बाजूला मीटरभर उंचीवर आडवा बांबू, त्याखाली मध्ये एक, आणि पायाशी 15 सेंमीची पट्टी. रावेर-यावलच्या केळी आडव्या करणारं वादळ येऊन गेलं की सगळं नव्याने तपासा.

आता डक (पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेली उभी पोकळी) आणि लिफ्टचा खड्डा. त्यावर प्लाय टाकून ठेवतात, ही तर उघड्या खड्ड्यापेक्षा वाईट गोष्ट. कुणीतरी तो प्लाय दोन्ही हातांनी उचलतो, समोरचं दिसत नाही, आणि एक पाऊल पुढे टाकतो. प्लाय खिळ्यांनी ठोका, त्यावर लाल रंगात ‘खाली खड्डा’ लिहा. त्याहून बरं म्हणजे स्लॅब भरताना डकमध्ये सळ्यांची जाळी तशीच राहू द्या. पाइप टाकताना लागेल तेवढीच कापायची.

भुसावळचा पारा 45 च्या पुढे गेला की दुपारी 12 ते 4 कुणाला वर पाठवू नका. बसलेला गवंडी झटकन उठला की चक्कर येते. पाण्याचा माठ खाली नको, त्याच मजल्यावर ठेवा. एका ग्लासासाठी शिडी उतरायची म्हटलं की माणूस तहानच मारतो.