तपासून तपासूनही झिजतं

"आमची एक टेस्ट दर महिन्याला व्हायची, ती आता तिमाही झालीये," दादा व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेला. तो अमेरिकेत अणुवीज प्रकल्पात आहे.

आत्या लगेच, "म्हणजे पैसे वाचवायला लागले म्हण की!"

दादा हसला. "अगं आई, तपासून तपासूनही यंत्र झिजतं."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

तिथले आणीबाणीचे डिझेल जनरेटर एरवी नुसते उभे. बाहेरची वीज गेली की मात्र साधारण दहा सेकंदांत पूर्ण वेग गाठायचा. चाचणीही तशीच घ्यायचे, थंड इंजिन आणि एकदम फुल स्पीड. शेवटी १९८४ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगानेच सांगितलं, हे थंड स्टार्ट कमी करा, इंजिनं झिजतायत.

इथपर्यंत दादाचं पटतं. पण २००९ पासून तिथे नवी सोय आहे. पद्धत एकदा मंजूर करून घेतली की जोखमीचा हिशोब मांडून बऱ्याच चाचण्यांचं अंतर प्रकल्पच बदलू शकतो. दर बदलाला आयोगाची परवानगी लागत नाही.

इथे मी आत्याच्या बाजूची. आयोग नंतर कागद तपासतो, मान्य. पण महिन्याचे तीन महिने झाले की एखादा बिघाड लपून राहायलाही तिप्पट वेळ मिळतो ना?

तारापूर किंवा काक्रापारला काम केलेलं कोणी आहे का इथे? आपल्याकडे हे अंतर कोण ठरवतं?