केनेडींच्या खिशातली पुस्तिका

सीआयए म्हटलं की आपल्याला पिस्तुलं नि गॉगल आठवतात, पण तिथल्या बऱ्याच लोकांचं काम म्हणजे रात्री जागून जगभरचे रिपोर्ट चाळायचे आणि सकाळी साहेबांपुढे मोजकी पानं ठेवायची. १९६१ मध्ये बे ऑफ पिग्जचा, म्हणजे सीआयएने क्युबावर घडवलेल्या स्वारीचा, पचका झाला, वर राष्ट्राध्यक्ष केनेडींकडे इतके कागद यायचे की नेमकं महत्त्वाचं काय तेच कळेना, मग रिचर्ड लेहमन नावाच्या ॲनालिस्टने कोटाच्या खिशात मावेल अशी छोटी पुस्तिका काढली, वाक्यं आखूड, सरकारी भाषा बाद. १७ जूनचा पहिला अंक केनेडींनी म्हणे स्विमिंग पूलच्या डायव्हिंग बोर्डवर बसून वाचला, आणि जाम आवडला! पुढचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन, त्यांना रात्री वाचायची सवय, म्हणून डिसेंबर १९६४ पासून नवं नाव ('प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ'), नवा फॉरमॅट आणि डिलिव्हरी संध्याकाळी. ओबामांनी तेच टॅबलेटवर घेतलं. म्हणजे मजकुराइतकीच वाचणाऱ्याची तऱ्हाही सांभाळायची, हे मला भारी वाटतं. अर्थात लिहून देणं वेगळं आणि त्यावर कोणी हलणं वेगळं, ९/११ च्या महिनाभर आधी, ६ ऑगस्ट २००१ च्या ब्रीफमध्ये शीर्षकातच होतं की बिन लादेन अमेरिकेत हल्ला करायच्या इराद्यात आहे, आता त्यात तारीख-ठिकाण काही नव्हतं हे खरं, पण 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' म्हणायची सोय तेवढी राहिली नाही.